कवळीच्या बदल्यात

पैसे नाहीत, असं कायतान सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.
वरचे सगळे दात गेलेले. ट्रम्पेट
धोबीतलावच्या कुडात, खाटेखालच्या ट्रंकेत,
इस्त्रीच्या शर्टांमध्ये गुंडाळून ठेवलेलं.
मी ठाकुरद्वारच्या लॅबमध्ये दात बनवते.
माझ्याकडे काकांच्या बँडातलं क्लॅरिनेट होतं
आणि वरातीची तीन गाणी.
सौदा ठरला.

माप घेताना, गुलाबी लगदा तोंडात घट्ट होईपर्यंत,
ते खुर्चीच्या हातावर बोटांनी वाजवत होते:
एक दोन तीन पाच, एक दोन तीन पाच.
मान हलली. माप बिघडलं.
दुसरं घेतलं.

मला वाटलं, हे तर येतं.
सा रे ग प. पलटाच की,
पाटणकर बाईंच्या पेटीवर चौथीपासून घोटलेला.
वाजवला. सर म्हणाले, आता डी मायनरवर.
आता जी सेव्हनवर. आता सी.
माझ्या जुन्या हिशेबानं
रे ग म ध
प ध नी रे
सा रे ग प
प्रत्येकाला चार मात्रा,
पाचवीला खोली रिकामी करायची.

बाईंकडे सा हलत नसे.
तानपुरा म्हणजे स्वतःच्या नावावरची जागा,
कितीही भटका, चावी तिथंच.
इथं सा भाड्याचा, माझ्यासारखा:
अकरा महिने, मग टेम्पो, मग नवा वॉचमन
जो पुन्हा विचारणार, एकट्याच का.
नऊ वर्षांत सहा पत्ते.
गॅसचं कार्ड अजून दुसऱ्यावरच आहे.

मी दर घराच्या उंबऱ्यापासून सुरू करायची,
एक दोन तीन पाच, धाप लागलेली,
आणि पाचापर्यंत पोचते तोवर घर बदललेलं.
सगळं बरोबर होतं.
ऐकायला पोलिओचा डोस देत
दारोदार फिरल्यासारखं वाटायचं.

बाय, सर म्हणाले, तू दर वेळी खाली उतरून
परत जिना का चढतेस? मधली भिंत एकच आहे.
डी मायनरचा थातवा कोण?
(दातांशिवाय सात असाच निघायचा.)
सा.
तो अर्धाच सूर खाली घे.
नी.
पोचलीस. हा जी सेव्हनचा तिसरा. आता याचा थातवा?
म.
उतर.
ग. आणि ग म्हणजे सीचा तिसरा,
मी सामान न उचलता
शेजारच्या खोलीत उभी होते.

दोन महिने तेवढंच.
तिसऱ्यापासून वर: तीन पाच सात नऊ,
मग उलटं, मग एक स्वर गाळून,
मग बाराही पट्ट्यांत, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करत.
कुडातले बाकीचे, बोटीवरून उतरलेले,
पत्ते पिसत ऐकायचे. एकजण दर वेळी विचारायचा,
गाणं कधी सुरू होणार?

कवळीची ट्रायल असली की आम्ही पेशंटला सात म्हणायला लावतो.
स नीट आला तर पुढचे दात जागेवर.
सर म्हणाले, सात.
पुन्हा म्हणाले, सात, सात,
आणि वेड्यासारखे हसले.

पण ट्रम्पेटची कड ओठावर दाबली की कवळी सरकायची.
मी पुढचे दोन दात अर्ध्या मिलिमीटरनं घासले.
मग अजून थोडे. मागे पकड वाढवली.
तिसऱ्या रविवारी सूर लागला, जाड, ओला,
बाजूने हवा गळणारा.
सा. उतरून नी.
मग म, आणि तो धरून ठेवला,
इतका, की पत्ते थांबले.
खाली आलेच नाहीत.
कवळी काढून ग्लासात टाकली,
ओठ पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

मी ग वाजवला. जरा चढाच लागला.

आता रात्री लॅब बंद व्हायच्या आधी
हँडपीस एकाच सुरात भुणभुणत असतो,
प्लास्टरची धूळ रीडवर बसते.
मी त्या सुराला कधी सात धरते, कधी तीन.
एफ शार्पमध्ये अजून अडखळते.
घरमालकाला जूनमध्ये जागा हवी आहे.